एका वर्षाचे काम, दहा वर्षांचा हिशेब

ईशाची नमाज झाली, जेवणे आटोपली, घर निजले. तरी मुलाच्या खोलीतला लॅपटॉप सुरूच. अम्मीने हटकले की उत्तर ठरलेले, "छोटासा प्रोग्रॅम लिहितोय, अम्मी. हा झाला की रोजचे काम पाच मिनिटांत होईल." मग त्या पाच मिनिटांसाठी महिना जातो आणि परीक्षा तोंडावर येते. हा मुलगा वेळ घालवतो आहे की काही शिकतो आहे, असा प्रश्न आम्हालाही पडतो. सरळ उत्तर आमच्यापाशी नाही. पण याच वाटेने गेलेल्या एका थोर प्रोग्रॅमरची हकीकत सांगण्यासारखी आहे.

डोनाल्ड कनूथ यांचा जन्म 1938 चा, अमेरिकेतला. स्टॅनफर्ड विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. प्रोग्रॅमिंगच्या शास्त्रावर सात खंडांचा ग्रंथ लिहिण्याचा त्यांनी संकल्प केला. पहिला खंड 1968 साली आला, तिसरा 1973 साली. या ग्रंथाच्या अगदी सुरुवातीला ते 'अल्गोरिदम' या शब्दाचे मूळ सांगतात. तो शब्द आला नवव्या शतकातल्या बगदादचे गणिती अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून. कनूथ यांनी एवढ्यावर भागवले नाही. 1979 साली ख्वारिज्मच्या भूमीत, उझबेकिस्तानातल्या उर्गेंच शहरात, अल्गोरिदमवर परिषद भरली, तिच्यातही त्यांचा पुढाकार होता.

आता मूळ गोष्ट. 1977 साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे त्यांच्या हाती आली. शिशाच्या खिळ्यांची जुनी छपाई मागे पडून फोटोच्या तंत्राने अक्षरजुळणी सुरू झाली होती. पाने पाहून कनूथ खट्टू झाले. इतक्या मेहनतीचे पुस्तक आणि असले रूप! दुसरा कोणी प्रकाशकाशी भांडला असता. यांनी अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम स्वतःच लिहायला घेतला. त्याचे नाव 'टेक'. 1978 साली विद्यापीठाच्या कामातून सुटी होती, तेवढ्यात हे उरकेल असा अंदाज होता.

सगळा प्रोग्रॅम त्यांनी आधी वहीत पेन्सिलीने लिहिला आणि मग संगणकात घातला. नुसती जुळणी करून भागेना, म्हणून अक्षरांची वळणे रेखण्यासाठी दुसरा प्रोग्रॅम लिहिला. त्यात इंग्रजी 'एस' या अक्षराने त्यांना फार छळले. काही केल्या वळण साधेना. पत्नी जिल म्हणाल्या, मग त्याला 'एस'सारखाच आकार का देत नाही? घरच्या माणसांचे असे बोल कोणत्याही मुलखात सारखेच!

एका वर्षाचे काम दहा वर्षांवर गेले. तोवर ग्रंथ थांबलेला. चौथ्या खंडाचा पहिला भाग आला 2011 साली, दुसरा 2022 साली. पुढचे खंड अजून यायचे आहेत. हा तोटा लहान नाही, आणि तो झाकण्यात अर्थ नाही.

पण या दहा वर्षांत त्यांनी जे एक काम केले ते आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. टेकमध्ये झालेली प्रत्येक चूक, केलेला प्रत्येक बदल त्यांनी वहीत टिपून ठेवला. साडेआठशेहून अधिक नोंदी झाल्या. त्यांची पंधरा प्रकारांत वर्गवारी केली. कुठे विचारच चुकला, कुठे नुसते टंकन चुकले. आणि 1989 साली ती सगळी यादी छापून जगापुढे ठेवली. आपल्यापैकी किती जण स्वतःच्या चुकांची अशी वही उघडून दाखवतील?

पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला ते 2 डॉलर 56 सेंटचा चेक पाठवत. सोळाच्या हिशेबाने मोजले तर 256 म्हणजे शंभर, म्हणून हा त्यांचा एक डॉलर! लोक चेक वटवण्याऐवजी चौकटीत लावून ठेवत.

1 जानेवारी 1990 पासून त्यांनी ई-मेल वापरणे सोडले. सुमारे पंधरा वर्षे वापरून झाले होते, तेवढे पुरे वाटले. सलग विचार करायला मोकळा वेळ हवा होता. मोबाइलवर कामाची यादी करण्यासाठी चार-चार अ‍ॅप उतरवून घेणाऱ्यांनी हा प्रयोगही ऐकून ठेवावा.

टेक त्यांनी सर्वांना मोफत दिला. आज जगभरातले गणिताचे शोधनिबंध बहुतेक त्याच पद्धतीने जुळवले जातात. उजवीकडून डावीकडे चालणारी लिपी डावीकडून चालणाऱ्या मजकुरात कशी बसवावी, यावर त्यांनी पिअरे मॅके यांच्यासह 1987 साली लेख लिहिला; म्हणजे आपल्या अरबी-उर्दूचीही सोय त्यांच्या मनात होती. देवनागरीसाठी हॉलंडच्या फ्रान्स वेल्थुइस यांनी 1991 साली टेकची जोड तयार केली.

टेकमध्ये आता नवे काही घालायचे नाही, फक्त चुका काढायच्या, असे कनूथ यांनी ठरवले आहे. दर दुरुस्तीबरोबर आवृत्तीचा आकडा 'पाय' या गणिती संख्येच्या एक अंक जवळ जातो. 2021 च्या पाहणीनंतर तो 3.141592653 झाला. पुढची पाहणी 2029 साली आहे.