पडद्याचा उजेड आणि विजेचा स्रोत (लेखांक नववा)

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, यंत्राच्या एकेका अवयवाची हकीकत फायलींच्या रूपाने कशी मांडून ठेवतो, हे मागील लेखांकात आपण पाहिले. त्या व्यवस्थेचा नित्य उपयोगातला एक दाखला आज घ्यावयाचा आहे. लॅपटॉपच्या पडद्यामागील प्रकाश हा बॅटरीच्या मोठ्या भक्षकांपैकी एक असल्यामुळे, चार्जर निघताच तो मंद व्हावा आणि चार्जर जोडताच पूर्ववत व्हावा, ही अपेक्षा रास्तच आहे. प्रश्न एवढाच, की हे काम यंत्राकडूनच करवून घ्यावयाचे तर त्याला काय काय कळावे लागते आणि कोणाच्या हुकमाने ते हलते.

जे कळावे लागते ते सारे 'सिस' या निर्देशिकेत, तिच्या पोटातल्या 'क्लास' या विभागाखाली नोंदलेले असते. तेथील 'पॉवर सप्लाय' या दालनात चार्जरची नोंद असून तिच्यातील 'ऑनलाइन' फायलीत, वीज भिंतीतून येत असेल तर 1 आणि येत नसेल तर 0, एवढा एकच अंक असतो. या नोंदीचे नाव मात्र यंत्रागणिक बदलते. कोठे ते 'एसी' असते, कोठे 'एडीपी1', कोठे 'एसीएडी'. त्यामुळे दुसऱ्याच्या यंत्रासाठी लिहिलेला नियम जसाच्या तसा उतरवून घेणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशा येते. शेजारच्या 'बॅकलाइट' दालनात उजेडाचा वर्तमान आकडा व त्याची कमाल मर्यादा अशा दोन फायली असतात. पण ही कमाल एखाद्या यंत्रावर 255 असते, तर दुसऱ्यावर 96000, म्हणून हिशेब नेहमी शेकड्याने मांडावा. शून्याच्या वाटेला तर जाऊच नये, कारण काही यंत्रांवर शून्य म्हणजे अत्यंत मंद प्रकाश नसून संपूर्ण अंधार असतो, आणि त्या अंधारात हुकूम मागे घेण्याची सोय राहत नाही.

चार्जर निघाला आहे की नाही हे दर सेकंदाला फाइल उघडून पाहणारा प्रोग्राम लिहिता येईल. परंतु वीज वाचविण्याच्या कामासाठी प्रोसेसरला अष्टौप्रहर जागे ठेवणे विसंगत आहे, आणि त्याची गरजही नाही. जोडणी बदलताच कर्नेल स्वतःच तशी वर्दी देतो. ती ऐकून ठरलेल्या नियमांप्रमाणे अंमल करण्यासाठी 'यूडेव्ह' नावाचा प्रोग्राम तैनात असतो. 2003 च्या सुमारास ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्याचा आरंभ केला आणि 2012 साली तो 'सिस्टिमडी' या प्रकल्पात विलीन झाला. विजेच्या विभागातून वर्दी आली आणि 'ऑनलाइन'चा अंक शून्य असला, तर अमुक प्रोग्राम चालवावा, असा एका ओळीचा नियम त्याच्या दप्तरी दाखल केला की काम भागते. प्रोग्राम मात्र तोकडा असावा. दीर्घकाळ रेंगाळणारी कामे यूडेव्ह मध्येच बंद पाडतो. हा नियम दाखल करण्यास मूळ वापरकर्त्याचा, म्हणजे 'रूट'चा, अधिकार लागतो हे ओघाने आलेच.

बहुतेक मार्गदर्शक टिपणे येथेच थांबतात, आणि माझी तक्रार नेमकी त्यांच्याविषयी आहे. बॅटरीवर 30 टक्के आणि चार्जरवर 100 टक्के, असे कायमचे फर्मान काढणारा नियम वापरणाऱ्याच्या डोळ्यांचा, खोलीतल्या उजेडाचा आणि वेळेचा कसलाच विचार करीत नाही. मध्यरात्री अंधाऱ्या खोलीत चार्जर जोडणाऱ्याच्या तोंडावर पडदा एकदम झगझगावा, हे सोय म्हणून सांगण्यासारखे नव्हे. वास्तविक यंत्राने आकडा ठरवू नये, तर आपण ठरविलेला आकडा लक्षात ठेवावा. स्रोत बदलण्याच्या क्षणी आधीच्या स्रोताच्या नावे चालू आकडा नोंदवून घ्यावा आणि नव्या स्रोताच्या नावे पूर्वी नोंदलेला आकडा लागू करावा, एवढीच ही तजवीज आहे. तिच्यात एक बारीक खोच आहे. चार्जर एकदाच जोडला तरी वर्दी पुष्कळदा एकाहून अधिक वेळा येते. तेव्हा स्रोत खरोखर बदलला आहे काय, याची मागील नोंदीशी पडताळणी न करता काम केले, तर दुसऱ्या वर्दीला चार्जरचा आकडा बॅटरीच्या खात्यावर चढतो आणि दोन्ही खाती एकसारखी होऊन सारीच योजना निष्फळ ठरते.

केडीई हे डेस्कटॉप वापरणाऱ्यांना यातले काहीही करावे लागत नाही. त्याच्या वीजव्यवस्थापनात चार्जर, बॅटरी आणि खालावलेली बॅटरी अशा तीन अवस्थांसाठी निरनिराळ्या नेमणुका आधीपासूनच आहेत, आणि तेथे आपलाही नियम घुसविणे म्हणजे एका मिळकतीवर दोन मुखत्यार नेमणे होय.

उरला प्रश्न यंत्र नव्याने सुरू होण्याचा. बंद होताना असलेला उजेड जपून ठेवून तो पुन्हा लागू करण्याचे काम सिस्टिमडीची एक स्वतंत्र सेवा करते. पण स्रोत कोणता होता याची दखल ती घेत नाही. त्यामुळे बॅटरीवर बंद केलेला लॅपटॉप चार्जर लावून सुरू केला, तर जुना मंद प्रकाशच परत येतो. म्हणून आपला प्रोग्राम त्या सेवेनंतर एकदा अवश्य चालवावा. यंत्र निद्रिस्त असताना चार्जर काढला तर काय होते, हे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. ते पुढील लेखांकात, निद्रावस्थेच्या विवेचनाबरोबर घेऊ.