सोनगीरच्या ओट्यावरची दहा वर्षं

यंदा संक्रांतीनंतर नातीचं बोरन्हाण झालं ते पुण्यात, सोसायटीच्या हॉलमध्ये. हलव्याचे दागिने ऑनलाइन मागवले होते, डोक्यावरून चॉकलेटं ओतली आणि फोटोवाला मुलगा शेवटपर्यंत तिला 'इकडे बघ, इकडे बघ' म्हणत राहिला. बोरं नव्हती. उसाचे करवे नव्हते, हरभऱ्याचे घाटे नव्हते, भुईमुगाच्या शेंगाही नव्हत्या. थंडीत शेतात जे पिकतं ते लेकराच्या डोक्यावरून पडावं, गल्लीतल्या पोरांनी ते वेचून खावं आणि बदलता ऋतू लेकराला बाधू नये, यासाठी तर बोरन्हाण करायचं. मला ते लागलं. सोनगीरला परतल्यापासून मन सारखं १९९१ ते २००१ या दहा वर्षांकडे धावतंय.

त्या दहा वर्षांत आमच्या घरात दुडदुडणारं एक तरी मूल असायचंच. माझी दोन, मोठ्या जाऊबाईंचं एक, धाकटीची दोन. एक ओटा उतरायला शिकलं की दुसरं रांगायला लागलेलं असे. त्याआधीची, लग्नानंतरची वर्षं डोक्यावरचा पदर आणि चुलीवरचा तवा सांभाळण्यात गेली. त्यांच्याबद्दल लिहावं असं काही नाही.

सोनगीर म्हणजे धुळ्याच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत, किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेलं गाव. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ते खानदेशभर ओळखलं जातं. आमच्या पोरांना सकाळ कळायची ती तांबटांच्या ठोक्यांनी. बाहेरगावचा पाहुणा त्या आवाजाने हैराण होई, आमची लेकरं मात्र त्यातच गाढ झोपत. दुपारी तांबट जेवायला उठले, ठोके थांबले, की पाळण्यातलं पोर जागं होई.

हिवाळा आम्हा बायकांच्या हातचा. धुळ्याकडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा पहाटे कपाशीच्या पऱ्हाट्या घालून तांब्याचा बंब पेटवायचा आणि ऊन अंगणात आल्याशिवाय लेकराला न्हाऊ घालायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. आधी तेल चोळून अर्धा तास ओट्यावर. 'पोरले उनमा बसाड' हे त्यांचं वाक्य मी कितीदा ऐकलं असेल! मग पितळी घंगाळात पोराला बसवायचं. ते काठावर हात आपटी, घंगाळ घुमे, आणि पोर त्या घुमण्याला घाबरण्याऐवजी आणखी जोराने आपटी. संध्याकाळी मळ्यात भरिताची वांगी काडक्यांवर भाजली जात. त्या शेकोटीभोवती सगळ्यात पुढे कोण, तर ज्याला अजून नीट उभं राहता येत नाही तो.

उन्हाळ्यात अंगणात कुरडया पडत. गव्हाचा चीक शिजला की पहिली वाटी लहानग्याची, वर तूप आणि गूळ. ज्वारीचे बिबडे खाटेवर वाळत असत आणि चिमण्या हाकलायला दोन वर्षांच्या माणसाला काठी देऊन बसवलेलं असे. चिमण्या त्याला मुळीच भीत नसत, पण तो मात्र मन लावून काम करी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की गल्लीतल्या निंबाला झोका बांधला जाई. आत्याच्या मांडीवर बसून झोका घेताना माझी मुलगी आभाळाकडे बोट दाखवायची, ते मला आजही दिसतं. घागर भरायची, खापरावरच्या मांड्यांबरोबर आमरस, आणि रात्री धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, पाणी शिंपडून सगळ्यांची अंथरुणं. वीज असली काय नि गेली काय, धाब्यावर वारा असायचाच.

पाऊस आमच्याकडे मुळात कमी. म्हणून मृगाचा पहिला शिडकावा झाला की पोरांना कोणी आत ओढत नसे. चार सरी जोराच्या आल्या की धाब्याची पांढरी माती जागोजागी धुपे आणि घरात गळायला लागे. मग गळतीखाली कुठे पितळी पातेलं, कुठे तांब्याचा हंडा, कुठे परात. प्रत्येकाचा आवाज वेगळा, आणि धाकटा एकेका भांड्यापुढे जाऊन बसे, कान देऊन ऐके. मोठ्यांची रात्र पाणी उपसण्यात जाई. तरीही त्या रात्री घरात कोणी चिडलेलं नसे, कारण तो हसत असे.

आता एक जुना हिशेब. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. भाऊबंद एकत्र येतात, रोट होतात. रोटासाठी आमच्या घरात प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेत. पाळण्यातल्या मुलाच्या नावानेही घेत. माझी मुलगी दोन वर्षांची होती, गव्हाच्या सुपाशी बसून हात पुढे करत होती, आणि तिच्या नावाची मूठ घेतली गेली नाही. मी विचारलं तर वडीलधाऱ्यांपैकी एकाने 'ती दुसऱ्या घरची' म्हणून विषय मिटवला. देवीच्या सणात लहान मुलीला मोजायचं नाही, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. खानदेशात अजून ज्या घरांत ही मोजणी अशीच होते, त्यांनी ती यंदा बदलावी.

दुसरा हिशेब बापांचा. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं मूल उचलायचं नाही, ही तेव्हाची रीत. माझ्या मुलाच्या वडिलांनी त्याला दिवसा कडेवर घेतलेलं मला आठवत नाही. रात्री सगळे झोपल्यावर ते त्याला धाब्यावर नेऊन चांदण्या दाखवत. अख्खं बालपण जवळ असूनही त्यांना ते चोरून भोगावं लागलं, आणि ही रीत घालणाऱ्यांना मी माफ केलेलं नाही.

गुलाबाईच्या महिन्यात मात्र सगळ्या पोरी राजा-राणीसारख्या वागत. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर गाणी आणि शेवटी खाऊ ओळखायचा. डबा हलवून आवाजावरून अंदाज करत मोठ्या पोरी बसलेल्या असत, आणि आमची चिमुकली 'लाडू!' म्हणून सगळं फोडून टाकी. तिला गप्प ठेवणं कुणालाच जमलं नाही.

तेव्हा सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. गोवराने, जुलाबाने मुलं जात. डिसेंबर १९९५ मध्ये पल्स पोलिओची पहिली फेरी निघाली, तेव्हा तीन वर्षांखालच्या मुलांना डोस होता. शिक्षिका म्हणून मी केंद्रावर होते आणि माझंच दोन वर्षांचं मूल रांगेत पुढे उभं होतं. २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. हे काम आमच्या पिढीने केलं, त्याचा मला अभिमान आहे.

पुढची वर्षं शाळा, क्लास, प्रवेश, नोकऱ्या यांची. ती सगळ्यांच्या घरी सारखीच असतात. रस्ता चौपदरी झाला, टोलनाका आला, रस्त्याकडेची झाडं गेली. धाबं उतरवून आम्ही स्लॅब टाकला. गल्लीतला निंब पार्किंगसाठी तोडला. भांड्यांच्या जागी स्टील आणि प्लास्टिक आलं, ठोके देणारे हात कमी होत गेले. मे २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, याच रस्त्यावरून मुंबई-नाशिकचे मजूर पायी उत्तरेकडे निघाले होते. बापांच्या खांद्यावर दोन-दोन वर्षांची मुलं भर उन्हात झोपलेली. त्या उन्हाळ्याची आठवण मी टाळत नाही.

आज माझी नात बाराव्या मजल्यावर राहते. घरात बाराही महिने एसीचे चोवीस अंश. पाऊस ती काचेतून बघते. तिच्या प्लेग्रुपमध्ये पावसाळा साजरा झाला तेव्हा छताला कागदाचे थेंब टांगले होते आणि त्याचे वेगळे पैसे घेतले. बाहेर त्या दिवशी खरा पाऊस पडत होता. जेवताना मोबाइल लागतो. दोन वर्षांच्या मुलाला दिवसात तासाभराहून जास्त स्क्रीन नको, कमी असेल तितकं बरं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलं आहे. मुलगा-सून हे जाणतात. पण दोघं आठ वाजता घरी येतात, तेव्हा ती पेंगुळलेली असते.

मुलाचा दोष मी काढणार नाही. तो लेकीला चारचौघांत न्हाऊ घालतो, खांद्यावर घेऊन फिरतो, रात्री उठतो. त्याच्या बापाला जे नाकारलं गेलं ते त्याने मिळवलं आहे. वेळ मात्र त्याच्याकडे नाही. बाळंतपणाची रजा २०१७ पासून २६ आठवडे झाली, चांगलं झालं. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एकही दिवस नाही. तो कायदा झाला पाहिजे, आणि त्यासाठी आज्यांनीही बोललं पाहिजे.

आखाजी जवळ आली आहे. ज्यांच्या घरी दोन-तीन वर्षांचं मूल आहे आणि गावी अजून कुणी आहे, त्यांनी आठवडाभर तरी यावं. चीक शिजवायला आम्ही आहोत. झोका बांधायला झाड नसलं तर स्लॅबच्या कडीला बांधू. तीन वर्षांखालच्या मुलाची शाळा आठ दिवस बुडाली तर काहीही बिघडत नाही. घेऊन या त्याला.