चौदाव्या वर्षी एकच खेळ कशाला?

ओपीडी संपत आली होती. साडेबाराच्या सुमारास एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. केसपेपरवर तक्रार लिहिलेली : थकवा, चक्कर, उजवा खांदा दुखणे. मुलगी नववीतली, उंच, काटक. शाळेच्या सॉफ्टबॉल संघाची ती पिचर. सकाळी सहा ते आठ सॉफ्टबॉल, मग शाळा, संध्याकाळी क्रिकेटची अकादमी आणि रविवारी बहुतेक वेळा कुठे ना कुठे सामना, असा दिनक्रम आईने एका दमात सांगितला. मुलगी गप्प बसून होती.

"मॅडम, रक्त वगैरे तपासाच," आई म्हणाल्या, "पण एक विचारायचंय. क्रिकेटचे कोच म्हणतात, सॉफ्टबॉल सोड, त्यात पुढे काही नाही. शाळेचे सर म्हणतात, विभागीय स्पर्धा तोंडावर आहे, आता सोडलंस तर संघच बसेल. हिचे पप्पा म्हणतात, दहावी आली, दोन्ही बंद. तुम्हीच सांगा, कोणता ठेवायचा?"

मी फिजिशियन. खेळाडू घडवणं हा माझा विषय नाही. पण खेळणारी मुलं थकवा, चक्कर, पाळी अनियमित होणं अशा तक्रारी घेऊन माझ्याकडेच येतात, आणि या प्रश्नाचा काही भाग नक्कीच वैद्यकीय आहे.

ज्यांनी सॉफ्टबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा बेसबॉलचा भाऊबंद. 1887 साली शिकागोत बंदिस्त जागेत खेळायचा खेळ म्हणून तो सुरू झाला. नावात 'सॉफ्ट' असलं तरी आजचा चेंडू अजिबात मऊ नसतो. बारा इंच परिघाचा हा चेंडू बेसबॉलपेक्षा मोठा आणि वजनाला जास्त. पिचर तो खालून, पवनचक्कीच्या पात्यासारखा हात पूर्ण गोल फिरवून टाकते. मोठ्या मुलींच्या सामन्यात पिचर आणि फलंदाज यांच्यात 43 फूट, म्हणजे साधारण 13 मीटर अंतर असतं. ताशी 100 किलोमीटर वेगाने आलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापाशी पोहोचतो. महाराष्ट्रात हा खेळ शालेय स्पर्धांमध्ये बरीच वर्षं खेळला जातो, आणि ज्या गावात मुलींसाठी क्रिकेटचं मैदान नव्हतं तिथेही एखाद्या हौशी क्रीडाशिक्षकामुळे सॉफ्टबॉलचा संघ उभा राहिलेला आहे.

असं असूनही संघातली सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात दणकट मुलगीच पहिल्यांदा दुसरीकडे जाते. याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. सॉफ्टबॉल 1996 मध्ये अटलांटाला ऑलिंपिकमध्ये आला, 2008 च्या बीजिंगनंतर काढला गेला, टोकियोत परतला, पॅरिसमध्ये पुन्हा नव्हता आणि 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये परत येणार आहे. ज्या खेळाचं ऑलिंपिकमधलं स्थान असं आत-बाहेर होतं, त्याच्यासाठी दहा वर्षं घाम गाळ, असं मुलीला सांगणार कसं? दुसरीकडे 2023 मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली आणि पहिल्याच लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनावर 3 कोटी 40 लाखांची बोली लागली. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत भारतीय मुलींनी विश्वचषक उचलला. त्यानंतर क्रिकेटच्या कोचला काही समजावून सांगायची गरजच उरली नाही. सॉफ्टबॉलकडे काय आहे? प्रमाणपत्र, परीक्षेतले वाढीव गुण, सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाची आशा. हे कमी नाही, गरीब घरांत तर नाहीच. पण टीव्हीवर काही दिसत नाही.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा आहे असंही नाही. सॉफ्टबॉलच्या माहेरी, अमेरिकेत, साडेतीन लाखांच्या आसपास मुली हायस्कूलमध्ये हा खेळ खेळतात, तरी तिथल्या प्रशिक्षकांची तक्रार हीच असते : चांगल्या मुली व्हॉलीबॉल, सॉकर, लॅक्रॉस किंवा धावण्याच्या शर्यतींकडे जातात. तिथे शालेय सॉफ्टबॉलचा हंगाम बहुतेक राज्यांत वसंत ऋतूत असतो, अॅथलेटिक्सचाही तेव्हाच, आणि व्हॉलीबॉलच्या खासगी क्लबांचे सामनेही त्याच महिन्यांत. पूर्वी एकच मुलगी हिवाळ्यात बास्केटबॉल आणि वसंतात सॉफ्टबॉल खेळायची. आता प्रत्येक क्लबला ती बाराही महिने हवी असते. कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी प्रशिक्षक आठवी-नववीतल्या मुलींकडूनच शब्द घेऊ लागले, तेव्हा 2018 मध्ये तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेला नियम करावा लागला की अकरावीच्या वर्षातल्या 1 सप्टेंबरपूर्वी सॉफ्टबॉलच्या प्रशिक्षकाने मुलीशी या संदर्भात बोलायचंच नाही. तेराव्या वर्षी वचनं घेतली जात होती, याचा हा पुरावाच.

आणखी एक कारण आहे, त्याची चर्चा कमी होते. सॉफ्टबॉलमध्ये पिचर जबरदस्त असेल तर बाकीच्या मुली बराच वेळ नुसत्या उभ्या असतात. चपळ मुलीला उभं राहणं आवडत नाही. आणि जिच्यामुळे त्या उभ्या असतात, त्या पिचरला मात्र श्वास घ्यायला फुरसत नसते.

आता खांद्याकडे येऊ. खालून टाकलेला चेंडू 'नैसर्गिक' असतो, त्याने हाताला काही होत नाही, असा समज मी अनेक क्रीडाशिक्षकांकडून ऐकला आहे. तो बरोबर नाही. पिचरच्या हालचालींचं मोजमाप केल्यावर दिसलं की गोल फिरणारा हात खांद्याच्या सांध्यातून बाहेर ओढला जाण्याचा जोर बेसबॉलच्या पिचरच्या तोडीचा असतो. दंडाच्या पुढच्या स्नायूवर, ज्याला आपण 'बेडकुळी' म्हणतो त्या बायसेप्सवर, हातातून चेंडू सुटण्याच्या आसपास वरून फेकण्यापेक्षाही जास्त ताण येतो. त्यामुळे या मुलींचा खांदा पुढच्या बाजूने दुखतो. त्यात संघाला एकच चांगली पिचर असली की स्पर्धेत ती एका दिवसात दोन-दोन सामने टाकते. अमेरिकेतल्या हायस्कूल बेसबॉलमध्ये किती चेंडू टाकल्यावर किती दिवस विश्रांती, याचे नियम 2017 पासून राज्यांना बंधनकारक झाले. सॉफ्टबॉलच्या मुलींसाठी तसा देशव्यापी नियम झाला नाही. कारण तेच, 'खालून टाकतात ना, मग काय होतंय'.

या वयात हाडंही पूर्ण झालेली नसतात. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाशी वाढीची पट्टी असते, ती मुलींमध्ये साधारण चौदा ते सतरा वर्षांच्या दरम्यान भरून येते. तोवर ती त्या हाडातली सगळ्यात कच्ची जागा. रोज तोच झटका तिथेच बसत राहिला तर ती सुजते, दुखते. नशिबाने आमच्या या मुलीच्या एक्स-रेमध्ये पट्टी ठीक होती. शेजारच्या ओपीडीतल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी निदान बायसेप्सच्या स्नायुबंधाच्या सुजेचं केलं आणि तीन आठवडे पिचिंग बंद सांगितलं.

मग क्रिकेटचे कोच बरोबरच म्हणत होते का? सॉफ्टबॉल सोडलं की प्रश्न मिटला? इथे मला त्यांच्याशी वाद घालावासा वाटतो. इजा करतो तो अमुक एक खेळ नसतो, एकच हालचाल सुटीशिवाय वर्षभर करत राहणं इजा करतं. अकादमीत तिला वेगवान गोलंदाज करायचं होतं. म्हणजे खांद्याचं ओझं उतरवून कमरेवर ठेवायचं. कोवळ्या वयातल्या वेगवान गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्याला बारीक भेग जाणं हे क्रिकेटचं जुनं दुखणं आहे.

शिकागो भागातल्या दवाखान्यांत सात ते अठरा वयाच्या सुमारे बाराशे मुलांचा अभ्यास झाला, तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक साधा हिशोब हाती आला. मुलाचं वय जितकी वर्षं, त्याहून जास्त तास तो आठवड्यात संघटित खेळ खेळत असेल, तर अतिवापराच्या गंभीर दुखापतींचं प्रमाण वाढतं. आमची मुलगी चौदा वर्षांची. आईला मी कागदावर मांडायला लावलं : सकाळचे दोन तास सहा दिवस, म्हणजे बारा. संध्याकाळचे दीड तास पाच दिवस, साडेसात. रविवारचा सामना वेगळा. बेरीज वीसच्या वर गेली तेव्हा आई थोडा वेळ कागदाकडेच बघत राहिल्या.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये सांगितलं की बहुतेक खेळांत पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाला वाहून घेऊ नये. आठवड्यात एक-दोन दिवस आराम हवा आणि वर्षातून एकूण तीन महिने, एकेका महिन्याच्या तुकड्यांनी का होईना, आपल्या मुख्य खेळापासून सुटी हवी. यात खेळाचं नुकसान होतं का? सहा हजारांहून अधिक खेळाडूंची माहिती एकत्र करून पाहिलेल्या एका मोठ्या विश्लेषणात उलटच दिसलं. जागतिक पातळीवर पोहोचलेल्या प्रौढ खेळाडूंनी लहानपणी राष्ट्रीय पातळीवर थांबलेल्यांपेक्षा जास्त वेगवेगळे खेळ खेळलेले होते, आणि मुख्य खेळ उशिरा सुरू केला होता. जिम्नॅस्टिक्ससारख्या ज्या खेळांत कळस लवकर गाठावा लागतो तिथे गणित वेगळं असू शकेल. पण सॉफ्टबॉल आणि क्रिकेट त्यातले नाहीत. जेमिमा रॉड्रिग्ज शालेय वयात महाराष्ट्राच्या हॉकी संघातून खेळली होती. ऑस्ट्रेलियाची एलिस पेरी तर सोळाव्या वर्षी, 2007 मध्ये, क्रिकेट आणि फुटबॉल अशा दोन्ही राष्ट्रीय संघांत आली.

म्हणून एखादी गुणी मुलगी सॉफ्टबॉल सोडून क्रिकेटला गेली तर मला वाईट वाटत नाही. तिथली अचूक फेक, झेल आणि धाव ती सोबत घेऊन जाते. वाईट वाटतं ते हा निर्णय तिच्या चौदाव्या वर्षी, दोन प्रशिक्षकांच्या रस्सीखेचीत आणि बहुतेक वेळा तिला न विचारता होतो याचं. शाळेच्या सरांचं दुःखही मला कळतं. वर्षानुवर्षं पदरचे पैसे घालून संघ बांधायचा आणि तयार पिचर दुसऱ्याने न्यायची. पण एकाच मुलीवर संघ उभा केला तर तो कधीतरी बसणारच, आणि त्याआधी तिचा खांदा बसतो.

तिचा रक्ताचा रिपोर्ट आला : हिमोग्लोबिन 9.4. या वयाच्या मुलीला ते किमान 12 हवं. यात आश्चर्य नव्हतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वयोगटातल्या 59 टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या होत्या. पाळी सुरू झालेली, वीस तासांचा सराव, आणि सकाळी मैदानावर जाताना पोटात फक्त चहा-बिस्कीट. कोच आणि सर दोघेही जिच्या 'स्टॅमिना'बद्दल बोलत होते, तिच्या रक्तात प्राणवायू वाहून न्यायला गाड्याच कमी होत्या.

मी पहिल्यांदा तिच्याकडे वळून विचारलं, "तुला काय खेळायचंय?" तिने आईकडे पाहिलं, मग म्हणाली, "दोन्ही. पण रविवारी मला काहीच नको."

लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. सकाळी निघताना गुळ-शेंगदाणे किंवा भाकरीचा तुकडा, डब्यात उसळ, सोबत लिंबू. सरांना चिठ्ठी लिहिली की विभागीय स्पर्धेत ही खेळू दे, पण पिचिंग एक सामना सोडून एक. अकादमीला लिहिलं की स्पर्धा होईपर्यंत आठवड्यातून दोनच दिवस, गोलंदाजी नको. सरांनी फोन करून थोडी नाराजी दाखवली आणि मग आठवीतल्या एका मुलीला पिचिंग शिकवायला घेतलं. अकादमीकडून उत्तर आलं नाही.

तीन महिन्यांनी दोघी पुन्हा आल्या. हिमोग्लोबिन 11.6. खांदा दुखत नव्हता. विभागीय स्पर्धेत त्यांचा संघ उपांत्य फेरीत हरला होता, आणि त्या सामन्यात चेंडू टाकले होते ते आठवीतल्या मुलीने. क्रिकेट की सॉफ्टबॉल हे अजून ठरलेलं नव्हतं. आईने या वेळी तो विषय काढला नाही. गोळी घेतल्यावर चहा किती वेळाने चालेल, एवढंच विचारलं. दोन तासांनी, असं मी सांगितलं.