छातीत घुमणारा ठोका आणि कानाचा हिशेब

घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावात गणपतीची किंवा दुर्गादेवीची मिरवणूक निघाली, की डीजेचा ठोका कानाइतकाच छातीतही जाणवतो. खिडक्यांची तावदाने थरथरतात. हा वजनदार ठोका तयार तरी कसा होतो?

जड ठोक्यात प्रामुख्याने ४० ते १०० हर्ट्‌झची खोल कंपने असतात. ५० हर्ट्‌झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ७ मीटर भरते. अशा लहरी साध्या भिंती-दारांना दाद देत नाहीत. म्हणून दार लावले तरी धडधड घरात शिरते. आपला कान मात्र खोल आवाजाला कमी संवेदनशील असतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले. आवाज कमी केला की आधी ठोकाच हरवतो आणि हात पुन्हा बटणाकडे जातो.

गाणे तयार करणारे संगणकावर वेगळ्या युक्त्या वापरतात. ठोक्यात वरच्या पट्टीचे अंश मिसळले, की खालचा स्वर मेंदू स्वतःच भरून घेतो. ठोक्याच्या क्षणी इतर वाद्ये किंचित दाबली, की तो उठून दिसतो. टाळी-झांजेसारखे आवाज डाव्या-उजव्या स्पीकरमधून काही मिलिसेकंदांच्या फरकाने सोडले, की संगीत रुंद वाटते. खोल ठोका मात्र मधोमध ठेवतात. नाहीतर दोन्हीकडच्या लहरी एकमेकींना मारक ठरतात. म्हणजे वजन आणि रुंदी मांडणीतूनही येते, त्यासाठी आवाज वाढवावाच लागतो असे नाही.

वाढवला तर किंमत कान मोजतो. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो, असे मानले जाते. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे! आतल्या कानातील सुमारे १५ हजार केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. निवासी भागासाठी २००० च्या नियमांतील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे.

मिरवणुकीत स्पीकरपासून लांब चाला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले, की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. कापसापेक्षा इअरप्लग वापरा, लहान मुलांना स्पीकरजवळ नेऊ नका. दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत असेल किंवा कमी ऐकू येत असेल, तर घरगुती तेल न घालता कान-नाक-घसा तज्ज्ञांना लगेच दाखवा.