एसईलिनक्स बंद करण्याआधी

नव्या सर्व्हरवर वेबसाइट चढवली, फाइली जागच्या जागी आहेत, परवानग्याही बरोबर आहेत, तरी ब्राउझर ‘४०३ फॉरबिडन’ दाखवतो. अशा वेळी कुणीतरी सांगतेच, ‘‘सेटएन्फोर्स झिरो टाक, चालेल.’’ आणि खरोखर चालते. त्यातून एक समज पक्का होतो : लिनक्स कर्नलमधली एसईलिनक्स नावाची व्यवस्था कामात खोडा घालते, म्हणून सर्व्हर उभा करताना ती आधी बंद करावी.

ती नेमके काय अडवत होती, हे मात्र क्वचितच पाहिले जाते. बहुतेक वेळा फाइल घरच्या डिरेक्टरीत तयार करून ‘एमव्ही’ आज्ञेने वेब डिरेक्टरीत हलवलेली असते. एसईलिनक्स प्रत्येक फाइलीला एक लेबल लावते. घरच्या डिरेक्टरीतल्या फाइलीचे लेबल वापरकर्त्याच्या खासगी फाइलीचे असते आणि ‘एमव्ही’ केल्यावर ते फाइलीबरोबरच जाते. ‘सीपी’ने साधी नक्कल केली असती, तर नव्या जागेचे लेबल मिळाले असते. वेब सर्व्हरने कुणाच्या खासगी फाइली वाचू नयेत, हा नियम अगदी रास्त आहे. फक्त इथे लेबल चुकलेले आहे. ‘रिस्टोरकॉन’ ही एक आज्ञा ते दुरुस्त करते. कोणती प्रक्रिया कोणत्या फाइलीवर काय करू पाहत होती, याची नोंदही ऑडिट लॉगमध्ये ‘एव्हीसी डिनाइड’ अशी पडलेली असते. ती वाचायला दोन मिनिटे पुरतात.

दुसरा गैरसमज याच्या शेजारचाच. ‘चमोड ७७७ केले तरी अडतेय, म्हणजे काहीतरी बिघडले आहे.’ बिघडलेले काहीच नसते. युनिक्सच्या जुन्या परवानग्या फाइलीचा मालक ठरवतो आणि रूट वापरकर्त्याला त्या बहुतांशी लागूच होत नाहीत. मॅन्डेटरी अ‍ॅक्सेस कंट्रोलमध्ये, म्हणजे मॅकमध्ये, नियम संपूर्ण यंत्रणेचे असतात. फाइलीचा मालक ते सैल करू शकत नाही आणि रूटच्या नावाने चालणारी प्रक्रियाही त्यांना बांधलेली असते. कर्नल आधी जुन्या परवानग्या तपासतो आणि तिथे होकार मिळाला, तरच मॅकला विचारतो. मॅक होकाराचा नकार करू शकतो, नकाराचा होकार कधीच करत नाही. म्हणून ७७७ ने पहिली तपासणी सर्वांसाठी उघडी पडते आणि दुसरी जिथल्या तिथे राहते. उलट, काम अडले आहे पण लॉगमध्ये एव्हीसीची नोंदच नाही, तर आधी साध्या परवानग्या पाहाव्यात.

एसईलिनक्स ही अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेची निर्मिती, तेव्हा तिच्यात चोरदरवाजा असणारच, ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. याच संस्थेने पुढे आणलेली ‘ड्युअल ईसी’ ही यादृच्छिक अंक निर्माण करण्याची पद्धत संशयास्पद ठरली आणि २०१४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेला ती शिफारशींतून काढावी लागली. पण तिथे संशयाचे मूळ अशा स्थिरांकांत होते, ज्यांचा उगम कुणालाच तपासता येत नव्हता. एसईलिनक्समध्ये तसा बंद कप्पा नाही. एनएसएने डिसेंबर २००० मध्ये तिचा सारा कोड खुल्या परवान्याखाली दिला आणि २००३ अखेरच्या २.६ आवृत्तीपासून तो मुख्य कर्नलमध्ये आहे. वेगवेगळ्या, एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांचे अभियंते तो दोन दशकांहून अधिक काळ वाचत आणि बदलत आले आहेत. यामुळे चुका असूच शकत नाहीत असे नव्हे. पण त्या लपवून ठेवणे फार अवघड होते.

शिवाय एसईलिनक्स हा एकमेव पर्याय नाही. २००१ मध्ये कर्नल विकासकांच्या बैठकीत ती मांडली गेली, तेव्हा लिनस टॉरव्हाल्ड्सने एकाच पद्धतीला कर्नलमध्ये जागा देण्यापेक्षा सर्वांना वापरता येईल असा सामाईक सांगाडा मागितला. त्यातून लिनक्स सिक्युरिटी मॉड्यूल्स, म्हणजे एलएसएम, उभे राहिले. कर्नलमध्ये ठिकठिकाणी तपासणीच्या जागा असतात आणि तिथे कुणाला विचारायचे, हे बाहेरून ठरते. स्मॅक, टोमोयो, अ‍ॅपआर्मर, २०२१ मध्ये आलेले लँडलॉक हे सगळे याच सांगाड्यावर बसले. उबुंटू आणि डेबियन अ‍ॅपआर्मर वापरतात, फेडोरा आणि रेड हॅट एसईलिनक्स.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज स्वतःचा कर्नल बांधणाऱ्यांचा आहे. ‘मेन्यूकॉन्फिग’मध्ये ‘सिक्युरिटी ऑप्शन्स’ उघडले, एसईलिनक्ससमोर खूण केली, संपले. प्रत्यक्षात ती खूण म्हणजे फक्त कोड कर्नलमध्ये आला, एवढेच. तो सुरू होईल की नाही, हे ‘कॉन्फिग_एलएसएम’ या पर्यायातली यादी ठरवते. त्या यादीत नाव नसेल, तर बांधलेले मॉड्यूल निपचित पडून राहते. शिवाय एसईलिनक्स, स्मॅक आणि अ‍ॅपआर्मर यांपैकी एका वेळी एकच चालते. यादीत तिघांची नावे असली, तर जे आधी येईल ते.

ही यादी ५.१ आवृत्तीत, २०१९ मध्ये आली आणि तिच्या जन्मातच धडा आहे. आधी ‘डीफॉल्ट सिक्युरिटी मॉड्यूल’ निवडण्याचा वेगळा पर्याय होता. तो काढून टाकताना गृहीत असे धरले होते की, जुनी कॉन्फिग फाइल घेऊन नवा कर्नल बांधणारे नवी यादी स्वतः तपासतील. लोक विसरणारच, हे लक्षात आल्यावर ‘मेक ओल्डकॉन्फिग’ करणाऱ्यांसाठी जुना पर्याय परत आणावा लागला, जेणेकरून यादी त्याच्यावरून भरली जाईल. कर्नलच्या विकासकांनाच जी चूक संभवनीय वाटली, ती इतरांकडून होणे अगदी साहजिक आहे. म्हणून नवा कर्नल सुरू झाल्यावर ‘/सिस/कर्नल/सिक्युरिटी/एलएसएम’ ही फाइल उघडून पाहावी. प्रत्यक्षात काय चालू आहे, त्याची नावे तिथे एका ओळीत असतात.

यादीत नाव आले तरी काम बाकीच असते. लेबल फाइलीच्या विस्तारित गुणधर्मांत साठवले जाते, त्यामुळे ईएक्सटी४ साठीचा ‘सिक्युरिटी लेबल्स’ पर्याय बंद असेल, तर ते ठेवायला जागाच नसते. आणि कर्नलमध्ये असते ती फक्त यंत्रणा. नियमांचे धोरण मशीन सुरू होताना बाहेरून भरले जाते. ते भरले नाही, तर एसईलिनक्स सगळ्यालाच परवानगी देते. ‘डेव्हलपमेंट सपोर्ट’ हा पर्यायही नावामुळे फसवतो. तो केवळ विकासकांसाठी असावा असे समजून बंद केला, तर नकार न देता फक्त नोंद करणारी ‘परमिसिव्ह’ अवस्थाच नाहीशी होते.

वेग कमी होतो, या तक्रारीत तथ्य आहे, पण जुन्या धारणेइतके नाही. एकदा घेतलेला निर्णय एसईलिनक्स स्मृतीत ठेवते आणि तोच प्रश्न पुन्हा आला, तर सगळे धोरण चाळत बसत नाही. २०१८ च्या स्पेक्टर दोषावरील उपायांमुळे अप्रत्यक्ष फंक्शन कॉल महागले आणि त्याची झळ एलएसएमच्या प्रत्येक तपासणीला लागली. २०२४ च्या ६.१२ आवृत्तीत ते कॉल थेट करून हा खर्च कमी केला गेला.

मॅक असले की मशीन अभेद्य, हा उलट बाजूचा भ्रम. मॅक कर्नलमध्येच राहते. कर्नलचाच दोष वापरून कुणी आत शिरला, तर पहारेकरीही त्याच्या ताब्यात जातो. मॅकचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. २०१९ मध्ये कंटेनर चालवणाऱ्या ‘रनसी’त असा दोष सापडला की, कंटेनरमधला हल्लेखोर यजमान मशीनवरची ‘रनसी’ची फाइलच बदलू शकत होता. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सवर एसईलिनक्स चालू असेल, तर ही वाट आधीच बंद होती. कंटेनरच्या प्रक्रियेने यजमानाच्या फाइलीवर लिहिण्याची मुभा धोरणात नव्हतीच. या दोषासाठी कुणी खास नियम लिहिला नव्हता.

आणि हे सगळे फक्त सर्व्हरवाल्यांचे प्रकरण नाही. अँड्रॉइडने २०१३ मध्ये ४.३ आवृत्तीत एसईलिनक्स नुसत्या नोंदींपुरते आणले, पुढच्या आवृत्तीत काही महत्त्वाच्या सेवांवर सक्तीचे केले आणि २०१४ च्या ५.० पासून संपूर्ण यंत्रणेवर. पुण्यात सर्व्हरवर ते बंद करणाऱ्या अभियंत्याच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनवर ते चालूच असते, आणि रोजच्या वापरात त्याला ते जाणवतही नाही.

कायमचे बंद करण्याची वाटही आता अरुंद झाली आहे. कॉन्फिग फाइलीत ‘डिसेबल्ड’ लिहून चालत्या कर्नलमधून एसईलिनक्स उतरवण्याची सोय ६.४ आवृत्तीत काढून टाकली गेली. त्या सोयीपायी सुरक्षेच्या तपासण्यांचे पत्ते स्मृतीत बदलण्याजोगे ठेवावे लागत, आणि हल्लेखोराला नेमके तेच हवे असते. बराच काळ बंद ठेवून पुन्हा चालू करायचे, तर त्या काळात तयार झालेल्या फाइलींना लेबलच नसते. मूळ डिरेक्टरीत ‘.ऑटोरीलेबल’ नावाची रिकामी फाइल ठेवून मशीन पुन्हा सुरू करावे लागते. एखादी सेवा अडलीच, तर ‘सेमॅनेज परमिसिव्ह’ने तेवढ्या एका सेवेपुरती सूट देता येते, नोंदी गोळा करता येतात आणि बाकीच्या मशीनवर सक्ती कायम राहते. त्या नोंदींवरून ‘ऑडिट२अलाउ’ नियम लिहून देते, पण ते साधन विचार करत नाही. हल्लेखोराने केलेला प्रयत्नही लॉगमध्ये असेल, तर त्यालाही ते परवानगीचा नियम सुचवेल. म्हणून प्रत्येक ओळ वाचून मगच ती धोरणात घालावी.