शेततळ्याची जागा कशी ठरवाल?

ओघळीचे पाणी भरून घेणारे तळे शेताच्या सखल बाजूला, पण ओघळीच्या पात्रात नव्हे, तिच्या कडेला हवे. भर पात्रात खोदलेले तळे दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरते. पंपाने भरायचे असेल, तर मात्र उंचावरची जागाच उत्तम, म्हणजे पुढे पाणी उताराने आपोआप पिकाला मिळते.

माती पाहिल्याशिवाय यंत्र बोलावूच नका. चाचणीचा खड्डा घ्या, तळाची ओली माती तळहातावर वळा. तिची बारीक, न तुटणारी वळी झाली, तर पाणी टिकण्याची आशा आहे. मुरूम किंवा भेगाळ खडक लागला, तर अस्तराचा खर्च आधीच धरा.

सातबारावरचा गट क्रमांक घेऊन महाभूनकाशावर शेताची आकृती बघता येते. मोबाइलचे जीपीएस उघड्यावरही काही मीटर चुकू शकते. त्यामुळे बांधालगतच्या तळ्यासाठी सरकारी मोजणीच्या खुणाच प्रमाण माना.

उतार तपासायला गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. मग खुंट्या ठोकून फक्की टाका. ३० बाय ३० मीटरच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण ४२.४३ मीटर भरले पाहिजेत, नाहीतर कोपरे काटकोनात नाहीत. खोली ३ मीटर आणि बाजूंना दीडास एक उतार ठेवल्यास अशा तळ्यात काठोकाठ सुमारे १९ लाख ७० हजार लिटर पाणी मावते.