कुरणापासून दोन एकरांपर्यंत

चिपळूणजवळ हलवर्ण इथे छावणीला असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना शिवाजी महाराजांनी पाठवलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. १६७० च्या दशकातलं. रयतेचा कळवळा दाखवणारं पत्र म्हणून ते नेहमी पुढे केलं जातं आणि ते योग्यच आहे. पण घोडं पाळणाऱ्या माणसाने ते वाचलं, तर त्याला आधी दिसतो तो वैरणीचा हिशोब. पावसाळ्याची बेगमी म्हणून दाणा आणि गवत गोळा केलेलं आहे; ते मन मानेल तसं आताच उडवलंत, तर भर पावसात काहीच उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल आणि लोकांना मोगल बरा वाटेल, असा त्याचा मथितार्थ. पुढे आगीची ताकीद आहे. गंजीजवळ चुली पेटवू नका, चिलमी ओढू नका. रात्री दिवा जळता ठेवाल, तर उंदीर पेटती वात पळवून नेईल आणि सगळं गवत जाईल. राज्य उभं करणारा माणूस उंदराने पळवलेल्या वातीचा विचार करतो, कारण कोकणात चार महिने दुसरीकडून गवत येणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

कोकणात पावसाळ्यात हिरवंगार गवत असतं, मग अडचण कसली, असं कोणालाही वाटेल. कोवळ्या ओल्या गवतात पाणीच फार. त्यावर घोड्याचं पोट भरल्यासारखं दिसतं, पण अंगी लागत नाही. त्यात चिखलात टापांखाली जितकं खाल्लं जातं त्याहून जास्त तुडवलं जातं. म्हणून भरवसा वाळलेल्या गंजीचाच.

ती गंजी यायची कुरणांतून. कुरण म्हणजे राखलेलं गवताचं रान. ज्येष्ठ-आषाढात पाऊस लागला की त्यात जनावर शिरू द्यायचं नाही. पवन्या, मारवेल, डोंगरी ही गवतं वाढू द्यायची आणि दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास कापणी. कापणीची वेळ चुकवून चालत नसे. कुसळी गवताला कुसळं धरून ती कडक झाली की घोड्याच्या हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात, आणि घोडं चारा तोंडात घेऊन सोडून देतं. कापणीनंतर उरलेल्या धसांवर चराई खुली व्हायची. या व्यवस्थेचा फार गोडवा गायला नको. सरकारी कुरणातलं गवत कापायला आणि वाहायला गावकऱ्यांना वेठीला धरत. पागेतल्या घोड्याच्या तोंडचा घास कुणाच्या तरी बुडालेल्या दिवसाचा असे. पण जमिनीपुरतं बोलायचं तर त्या पद्धतीत एक शहाणपण होतं: आधी विसावा, मग कापणी, मग चराई. हा क्रम मोडला की माळ दोन-तीन वर्षांत कुसळीच्या आणि मग नुसत्या मुरमाच्या ताब्यात जातो.

मुलखाबाहेर पडल्यावर मात्र कुरण सोबत येत नसे. पानिपतात मराठी छावणीची रसद अब्दालीने तोडली आणि १४ जानेवारी १७६१ च्या लढाईआधीच माणसांबरोबर घोडीही उपासमारीने खंगली होती. पराभवाची कारणं सांगताना तोफा, होळकर, मुहूर्त यांवर पानंच्या पानं लिहिली जातात; वैरणीला एखादी ओळ मिळते.

१८१८ नंतर मागणीच आटली. पेशव्यांची पागा मोडली, शिलेदार घरी बसले, भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या काटक भीमथडी घोड्याला गिऱ्हाईक उरलं नाही. पुढे रेल्वे आली. इंग्रजी राजवटीत जमिनीची मोजणी झाली, धारा बसला आणि पडीक जमीन नांगराखाली आणण्याकडे कल वाढला. कुरणं पुरती नाहीशी झाली नाहीत, पण घोड्यासाठी गवत राखणारा माणूस गावातून गेला. भीमथडी टिकला तो धनगरांच्या वाड्यांवर. मेंढरांमागे बिऱ्हाड वाहायचं आणि मुक्कामाला पुढचे पाय बांधून कापलेल्या रानात सोडायचं, एवढीच त्याची बडदास्त. ज्याची स्वतःची एक गुंठाही चराऊ जमीन नाही अशा माणसाने ही जात सांभाळली. राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद झाली ती अगदी अलीकडे.

लष्कराचं चित्र वेगळं होतं. खडकी, पुणे, अहमदनगरच्या छावण्यांत ऑस्ट्रेलियातून आणलेले उंच वेलर घोडे होते. त्यांचं खाणं मोठं आणि छावणीभोवती चरायला मोकळं रान कमी. तेव्हा घोड्यामागे मोतद्दार असे तसा घसियारा, म्हणजे गवत आणणारा, असे. तो पहाटे खुरपं घेऊन निघायचा आणि बांधांवरची, ओढ्याकाठची हरळी मुळ्यांसकट खणून काढायचा. मग ती झोडपून, धुऊन तिची माती काढायची. हे काम त्याने टाळलं तर माती घोड्याच्या आतड्यात साठून पोटशूळ उठणार. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटशूळ म्हणजे जिवाशी गाठ. मर्यादित जागेत घोडा पाळायचा तर जमिनीची कमतरता माणसाच्या मेहनतीने भरून काढावी लागते, हे त्या घसियाऱ्याच्या पाठीवरच्या भाऱ्यात दिसत होतं. मोठ्या प्रमाणावर हीच गरज लष्कराने गवताच्या आणि दुधाच्या फार्मांनी भागवली. पहिला मिलिटरी फार्म १८८९ मध्ये अलाहाबादला निघाला. २०२१ मध्ये ही सगळी व्यवस्था गुंडाळली गेली.

स्वातंत्र्यानंतर घोडा शर्यतीचा झाला. पुण्याजवळ १९४६ मध्ये सुरू झालेल्या पूनावालांच्या स्टड फार्ममधले निवृत्त घोडे लशीच्या कामासाठी हाफकिन संस्थेला दिले जात, आणि त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, हे सर्वांना माहीत आहे. अशा स्टडमध्ये पाणी, खत, कुंपण, पगारी माणसं सगळंच असतं, त्यामुळे त्यांच्याकडून आपल्यासारख्यांनी उचलण्यासारखं थोडंच. उलट टोकाला माथेरान. मोटारींना बंदी असलेल्या त्या डोंगरावर पर्यटकांना फिरवणारे घोडे साडेचारशेच्या आसपास, भोवती राखीव जंगल, चराऊ जमीन जवळपास शून्य, आणि वैरण सगळी खालून चढवायची.

गेल्या वीसेक वर्षांत मात्र घोडा पुन्हा शेतावर येतो आहे. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. तिथून मारवाडी, काठेवाडी, नुकरा घेऊन परतणारे बरेच जण हौशी असतात. दीड-दोन एकरांचं फार्महाऊस, तारेचं कुंपण, आत एक-दोन घोडी. पहिल्या पावसाळ्यात दृश्य झकास असतं. दुसऱ्या वर्षी त्याच जमिनीत काही कोपरे गालिच्यासारखे खुरटलेले आणि काही कोपरे गुडघाभर माजलेले दिसतात. घोड्याला वरखाली दोन्ही पटाशीचे दात असतात, तो गवत बुडापासून कातरतो. आणि जिथे लीद टाकतो तिथलं सहसा खात नाही. गाईला घोड्याच्या लिदीभोवतीचं गवत चालतं आणि घोड्याचे जंत तिच्या पोटात तग धरत नाहीत. आमच्या शिरूर-बारामती पट्ट्यात ज्यांनी घोड्यामागून दोन गाई फिरवल्या त्यांची जमीन बरी राहिली, हे डोळ्यांनी दिसतं. ज्यांना गाई नकोत त्यांनी पावसाळ्यात लीद रोज उचलावी. उन्हाळ्यात ती फोडून पसरली तरी चालते, एप्रिलच्या उन्हात जंतांची पिल्लं वाळून मरतात.

माझं मत विचाराल तर दोन एकरांना कुरण समजणं हीच खरी गफलत. त्यातला एक तुकडा, पाण्याच्या टाकीजवळचा, मुरूम टाकून कायमचा उजाड मानावा आणि पावसाळ्यात घोडं तिथेच ठेवावं. उरलेल्याचे तीन-चार भाग करून एकेकाला महिनाभर तरी विसावा द्यावा, गवत चार बोटांवर आलं की घोडं बाहेर काढावं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेलं फुले यशवंत, फुले जयवंत हे संकरित नेपियर दुभत्याला उत्तम. घोड्याला मात्र त्यावरच ठेवू नये, त्यातल्या ऑक्झलेटमुळे अंगातलं कॅल्शियम अडतं. लसूणघास प्रमाणात. कोवळी ज्वारी अजिबात नाही. आणि हरभऱ्याच्या चंदीने रुबाब वाढतो ही समजूत सोडावी, त्याने वाढते ती चरबी, आणि मग खुरांना दाह होऊन घोडं उभं राहीनासं होतं. घोड्याचं जठर सतत आम्ल सोडत असतं, मोकळ्या रानात घोडं दिवसातले चौदा-सोळा तास चरतं. त्याला दोन वेळचं पंचपक्वान्न नको, दिवसभर चघळायला साधं वाळलेलं गवत हवं.

यंदा सारंगखेड्याला जाणार असाल तर निघण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. तीनशे किलोच्या घोड्याला रोज सहा किलो सुका चारा धरला तर वर्षाला सव्वादोन टन होतात. आपल्या कोरडवाहू माळावर एकरी अर्धा टन वाळलं गवत निघालं तरी वर्ष बरं म्हणायचं. दोन एकरांतून एक टन, म्हणजे सव्वा टन विकत. ते विकत घ्यायची, कोरडं ठेवायची आणि उंदरांपासून सांभाळायची सोय आधी करा, घोडा पुढच्या यात्रेलाही मिळेल.